बैलाचे पुढचे पाय : हात की पाय?

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाचा माणूस आणि तो बैलाच्या पायांवर बोलणार. पण प्रश्न मी गंमत म्हणून घेतलेला नाही. चार पायांच्या जनावराचे पुढचे दोन अवयव हे पाय म्हणायचे की हात? उत्तर सोपं वाटतं, पाय. मग ते का, असं विचारलं की गडबड सुरू होते. ‘का’ला धरून बसणं हे आमच्या विषयाचं काम, म्हणून थोडा वेळ धरून बसूया. आणि प्रश्न शेवटी जिथे पोचतो ती जागा इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथे नंतर जाऊ.

आधी आपण बोलतो कसे ते पाहू. बैलाला आपण चार पाय म्हणतो, पुढचे दोन आणि मागचे दोन. कुत्र्यालाही तसंच. वाघाला पंजा. घोड्याच्या टापा चारही. पण परसात वानर आलं आणि त्यानं फणस फोडला, तर ‘वानरानं हातात गरा धरला’ असं म्हणताना कोणी अडखळत नाही. तेच वानर कौलांवरून चौफेर उड्या मारत गेलं की ‘चार पायांवर पळालं’ असंही आपण म्हणतो. म्हणजे एकाच जनावराचा एकच अवयव, सकाळी हात आणि दुपारी पाय.

बैलाचं आणखी एक बघा. त्याला आपण ‘खांदा’ देतो. जू खांद्यावर येतं, देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. खांदा आहे, पण खांद्याला लागून जो अवयव येतो तो दंड नाही, हात नाही, एकदम पाय. माणसाच्या बाबतीत खांद्याला पाय फुटला असं कोणी म्हणेल का? जनावर आजारी पडलं तरी भाषा पुढचं-मागचं करत नाही. फऱ्या रोगात जनावर एका पायानं लंगडतं, म्हणून त्याला एकटांग्या म्हणतात. सूज पुढच्या फऱ्यावर असो की मागच्या, टांग ती टांग.

याच्या उलट साक्ष खाटकाच्या दुकानात मिळते. बोकडाच्या पुढच्या अवयवाच्या मांसाला खाटीक ‘दस्ती’ म्हणतो. दस्त म्हणजे फारसीत हात. दस्तुरखुद्द, दस्तावेज, दस्तक, सगळीकडे तोच हात आहे. त्याच बोकडाचा, त्याच अवयवाचा खालचा भाग मात्र ‘पाया’ म्हणून सुपात जातो. वर हात, खाली पाय, आणि मधून सुरी फिरलेली. शरीररचनेच्या दृष्टीनं खाटीक फार चुकत नाही, ते पुढे कळेल.

संस्कृत परंपरेनं मात्र याबाबत फार पूर्वी निकाल देऊन टाकलेला दिसतो. द्विपाद म्हणजे माणसं आणि चतुष्पाद म्हणजे गुरंढोरं, ही जोडी वेदांपासून आहे. जनावराला पाय चार, हे इतकं पक्कं होतं की ‘पाद’ या शब्दाचा अर्थच ‘चौथा हिस्सा’ झाला. चार पायांतला एक, म्हणून पाव. आपला ‘पाव’ तिथून आला, ‘पाऊण’ म्हणजे पाद-ऊन, एक पाद कमी, आणि ‘सव्वा’ म्हणजे स-पाद, एक पाद जास्त. ओवीचे चार चरण हाही त्याच जनावराचा हिशोब. विचार करा, पुढचे दोन जर आपण हात म्हणून मोजले असते, तर पाय उरले असते दोन, आणि ‘पाव किलो’ मागितल्यावर वाण्याला अर्धा किलो द्यावं लागलं असतं! मराठी माणूस बाजारात रोज बैलाचे चार पाय मोजतो, त्याला ते ठाऊक नसतं इतकंच. (आणि लग्न झालं की आपण ‘चतुर्भुज झाला’ म्हणतो, ‘चतुष्पाद झाला’ म्हणत नाही. चार हात झाले तर अभिनंदन, चार पाय झाले तर अपमान. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

पण भाषा असं म्हणते म्हणून ते तसं आहे, हा काही युक्तिवाद नाही. भाषा सवयीनं चालते. आपल्याला लक्षण हवं, म्हणजे व्याख्या.

लक्षण कसं तपासायचं हे न्यायशास्त्रानं फार नेटकं सांगितलंय. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आणि त्यावरची त्याचीच ‘दीपिका’ हे पहिल्या पायरीचे ग्रंथ, आणि तिथे उदाहरण गाईचंच आहे. गाय म्हणजे जी तांबूस-कपिल रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय सुटते. ही अव्याप्ती. गाय म्हणजे जिला शिंगं आहेत, असं म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे जिचा खूर अखंड, एकच आहे, असं म्हटलं तर एकही गाय त्यात बसत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला. हा असंभव. शेवटी लक्षण ठरतं गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीचं. मला या उदाहरणाचं नेहमी कौतुक वाटतं, कारण हे शास्त्र गोठ्याबाहेर उभं राहून केलेलं नाही.

आता हाताचं लक्षण करूया. पहिला प्रयत्न, हात म्हणजे पुढचा किंवा वरचा अवयव. मग बैलालाही हात, कुत्र्यालाही हात, कोंबडीचे पंखही हात, आणि सावित्रीच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरीलाही हात. अतिव्याप्ती झाली. दुसरा प्रयत्न, हात म्हणजे ज्यानं धरता येतं तो अवयव. हा अधिक चांगला वाटतो, आणि त्याला फार जुना आधार आहे.

तैत्तिरीय आणि मैत्रायणी संहितेत प्राण्यांची एक विभागणी येते, ती मला विलक्षण वाटते. प्राणी दोन प्रकारचे : हस्तादान, म्हणजे हातानं घेणारे, आणि मुखादान, म्हणजे तोंडानं घेणारे. हस्तादान कोण? माणूस, माकड आणि हत्ती. बाकीचे मुखादान. माणूस आणि माकड एका गटात, आणि त्यांच्यासोबत हत्ती. हत्ती का, तर सोंड. हत्तीचं नावच ‘हस्ती’, हात असलेला. वेदात त्याला ‘हात असलेला पशू’ अशाच अर्थानं संबोधलेलं आहे. पुढे ‘करी’ हा शब्दही तसाच, कर म्हणजे हात. आपण ‘हत्ती’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ‘हातवाला’ म्हणत असतो. गंमत बघा, त्या हातवाल्याचे पुढचे दोन खांबासारखे अवयव मात्र पायच राहिले. हात त्याच्या नाकाला मिळाला.

१६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडन या इंग्रज वकिलानं गडावर दोन लहान हत्ती पाहिल्याचं लिहून ठेवलंय. ती वाट चढून हत्ती वर कसे गेले याचं नवल आपल्याला अजून वाटतं. चढले ते चार पायांनी, हे नक्की. हातानं नाही.

सांख्यांनी हीच दिशा तात्त्विक केली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पाच कर्मेंद्रियं आहेत, वाणी, पाणी, पाद, पायू आणि उपस्थ, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. पाणीचं, म्हणजे हाताचं काम आदान, घेणं. पादाचं काम विहरण, हिंडणं. हीच पाच कर्मेंद्रियं समर्थांच्या ‘दासबोधा’तही येतात, आणि तो ग्रंथ परंपरेनुसार इथल्याच शिवथरघळीत सांगितला गेला. सांख्यांचं म्हणणं नीट ऐका. त्यांच्या मते इंद्रिय म्हणजे मांसाचा गोळा नाही, ती शक्ती आहे. अवयव हे त्या शक्तीचं बसायचं ठिकाण. मग हत्तीचं पाणी-इंद्रिय सोंडेत बसलं, वानराचं पुढच्या अवयवात बसलं, आणि बैलाच्या पुढच्या अवयवात बसलंय ते पाद-इंद्रिय. प्रश्न सुटला?

सुटला असता, जर मुलं नसती. हात नसलेली, पायाच्या बोटांत पेन धरून परीक्षा देणारी मुलं आपण पाहिली आहेत. तिथे घेण्याचं काम पाय करतो. म्हणून आपण त्या मुलीच्या पायाला हात म्हणतो का? नाही. ‘ती पायानं लिहिते’ असंच म्हणतो, आणि ते म्हणताना आपला आवाज जरा बदलतो. तिच्या पायाला हात म्हटलं, तर तिनं काय मिळवलं तेच पुसलं जाईल. उलट बाजूनं, जत्रेतला डोंबारी हातांवर चालतो, तेव्हा त्याचे हात पाय होत नाहीत. पोपट पायात पेरू धरून खातो, तरी तो पायच. कुत्रा ‘शेकहँड’ देतो, तरी त्याला हात फुटत नाही. म्हणजे नुसत्या कामावरून नाव ठरवायचं म्हटलं तर नाव दिवसातून दहादा बदलावं लागेल. नैयायिकांनी कर्मेंद्रियं ही स्वतंत्र इंद्रियं म्हणून मानलीच नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल इथे सहानुभूती आहे. दातांनीही धरता येतं, मग दात हे पाणी-इंद्रिय का नव्हे?

माझ्या मते वाट अशी निघते. नाव व्यक्तीच्या एखाद्या वेळच्या कामावरून ठरत नाही, ते जातीच्या नेहमीच्या कामावरून ठरतं. माणसाच्या जातीत हे दोन घेतात आणि ते दोन चालतात, म्हणून एखाद्या माणसानं उलटं केलं तरी नावं बदलत नाहीत. बैलाच्या जातीत चारही चालतात, एकही घेत नाही. म्हणून चारही पाय. आणि वानराच्या जातीत पुढचे दोन्ही कामं करतात, म्हणून आपली जीभ दोन्ही शब्द वापरते. तो जिभेचा दोष नाही, वानराचंच ते वर्णन आहे. खारीचंही तसंच, किंवा आपला राज्यप्राणी शेकरू घ्या. तो फळ पुढच्या दोन पायांत धरून खातो म्हणा, हातात धरून खातो म्हणा. काठावरचे प्राणी असणारच. संध्याकाळ नेमकी कधी सुरू होते हे सांगता येत नाही, म्हणून दिवस आणि रात्र एक होत नाहीत.

ग्रीकांकडे हा प्रश्न वेगळ्या बाजूनं आला. अ‍ॅनॅक्सागोरस म्हणाला, माणूस सर्वांत बुद्धिमान आहे कारण त्याला हात आहेत. अ‍ॅरिस्टॉटलनं प्राण्यांच्या अवयवांवरच्या ग्रंथात ते उलटं केलं : माणूस बुद्धिमान आहे, म्हणून त्याला हात मिळाले. ज्याला बासरी वाजवता येते त्याला बासरी द्यावी, ज्याच्याकडे बासरी आहे त्याला वाजवायला शिकवत बसू नये, असा त्याचा रोख. चतुष्पादांचे पुढचे पाय त्याच्या मते शरीराचा भार पेलायला आहेत, आणि माणूस ताठ उभा राहतो म्हणून त्याला त्यांच्या जागी बाहू आणि हात. हत्तीच्या सोंडेलाही तो हाताचं काम देतो, कारण पुढचे पाय इतके जड की दुसऱ्या कामाचे राहिले नाहीत. संहितेतले याज्ञिक आणि अ‍ॅरिस्टॉटल एकाच हत्तीपाशी येऊन थांबले, हे मला आवडतं.

आता प्रत्यक्ष बैलाकडे जाऊ. पुढच्या वेळी बैल दिसला की त्याच्या पुढच्या पायाकडे नीट बघा. मध्यावर एक सांधा आहे, त्याला आपण गुडघा म्हणतो, कोकणात ढोपर. बैल बसताना आधी ते टेकतो. पण ते ढोपर नाही. ते त्याचं मनगट आहे! त्याचं कोपर वर, छातीला चिकटून असतं, कातडीखाली चाचपून बघा, मागच्या दिशेला टोक लागेल, आपल्या कोपरासारखंच. कोपरापासून त्या खोट्या ढोपरापर्यंत जो भाग तो आपला कोपर ते मनगट. त्याच्या खाली जी लांब नळी, ती तळहाताची दोन हाडं जुळून झालेली. आणि खूर म्हणजे मधली दोन बोटं, त्यांच्या टोकांवरची नखं. बैल जन्मभर पुढच्या दोन बोटांच्या नखांवर उभा असतो. घोडा तर एकाच, मधल्या बोटावर. न्यायशास्त्रातला तो ‘अखंड खूर’ म्हणजे हे एक बोट.

मागचं खरं ढोपरही तसंच वर, पोटाजवळ लपलेलं असतं. मागे मध्यावर जो उलटा वाकलेला सांधा दिसतो तो त्याचा घोटा, टाच वर उचललेली. घरी जाऊन दार लावून घ्या आणि चारी अवयवांवर उभे राहा, मग टाचा उचला आणि बोटांच्या टोकांवर या. दोन मिनिटांत बैल कळेल. पंचाहत्तरीनंतर हा प्रयोग करू नये, इतकंच सांगतो.

हे सगळं आता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, बाहेरून एकाचं दुसऱ्याशी साम्य नाही आणि आत हाडांची मांडणी तीच. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८४३ मध्ये या नात्याची व्याख्या केली : रूप आणि काम कितीही वेगळं असो, निरनिराळ्या प्राण्यांतला ‘तोच’ अवयव. १८४९ मध्ये त्यानं अवयवांवर स्वतंत्र पुस्तकच काढलं. हे असं का, याचं उत्तर दहा वर्षांनी, १८५९ मध्ये डार्विननं दिलं. सगळ्यांचे पूर्वज एक, म्हणून.

मग खाटकाची ‘दस्ती’ बरोबर ठरली की काय? इथेच लोक घसरतात. ‘विज्ञान सांगतं की बैलाचे पुढचे पाय खरे तर हात आहेत’, असं वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय. ते चूक आहे. ओवेन सांगतो ते इतकंच, की बैलाचा पुढचा पाय आणि माझा हात हा एक अवयव आहे. त्यावरून बैलाचा तो हात ठरत नाही, जसा माझा तो पाय ठरत नाही. आणि ‘खरे तर’ म्हणायचंच असेल तर इतिहास उलट बाजूनं बोलतो. माशाच्या पुढच्या आणि मागच्या परांच्या दोन जोड्यांपासून चार अवयव झाले, आणि जमिनीवर आलेल्या प्राण्यांच्या कोट्यवधी पिढ्या त्या चारांवर चालल्या. हात म्हणून फक्त घेण्याचं काम करणारा अवयव फार उशिरा आला. टांझानियात लाएटोलीला माणसाच्या पूर्वजांच्या पावलांचे ठसे सापडले, ते सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे, दोन पायांवर सरळ चाललेले. दगडाची सर्वांत जुनी हत्यारं सापडली ती त्यानंतरची, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची. आधी उभं राहणं, मग हत्यार. म्हणजे बैलाचा पाय हा बिघडलेला हात नाही. आपला हात हा चालण्याच्या कामातून सुटी मिळालेला पाय आहे. अ‍ॅनॅक्सागोरसनं हे ऐकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

बैलाला हात होता येत नाही याचं एक कारण त्याच्या सांगाड्यात आहे. आपल्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना आडवं लागतं ते हासळीचं हाड बैलाला, घोड्याला नसतं. त्यांचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, स्नायूंच्या झोळीत धड टांगलेलं असतं. धावताना धक्का सोसायला हे उत्तम. पण बाजूला हात पसरायला, डोक्यावर नेऊन काही धरायला हासळी लागते. ती आपल्याला आहे, माकडांना आहे, वटवाघळाला आहे.

आता आपल्या पोलादपूरची घोरपड. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, आणि तानाजी म्हटलं की यशवंती घोरपड आलीच. १६७० मध्ये कोंढाण्याच्या कड्यावर दोर लावून घोरपड चढवली, ही पोवाड्यातली गोष्ट आहे, इतिहासात तिला पुरावा नाही. पण गोष्ट सांगणाऱ्यानं प्राणी अचूक निवडला. घोरपड खडकाला चिकटते ती चारही अवयवांच्या नखांनी. मग ‘धरतो तो हात’ म्हणणाऱ्यानं तिला चार हात द्यायला हवेत. हसू नका, युरोपात अगदी हेच झालं होतं. माकडांचे मागचे अंगठेही वळून फांदी धरतात, म्हणून ब्लुमेनबाख आणि मग क्युव्हिए यांनी माकडांचा गट केला ‘चतुर्हस्त’, आणि माणसासाठी एकट्याचा वेगळा गट ‘द्विहस्त’. प्राणिशास्त्राच्या आडून माणसाला वेगळ्या पंगतीत बसवायची ती सोय होती. १८६३ मध्ये हक्सलीनं हाडं आणि स्नायू मोजून दाखवलं की गोरिलाचा मागचा अवयव धरत असला तरी त्याची रचना पायाची आहे, हाताची नाही. चतुर्हस्त मोडले. पंगत एक झाली.

पंगतीचा विषय निघाला आहे, तर आता महाडाला येऊ.

हात वर आणि पाय खाली, ही फक्त शरीराची रचना राहिली असती तर हा विषय प्राणिशास्त्राच्या माणसाला देऊन मी घरी बसलो असतो. पण आपल्या समाजानं त्यातून प्रतवारी केली. पुरुषसूक्तात राजन्य बाहूंपासून आणि शूद्र पायांपासून. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हलक्या मानलेल्या माणसानं वरच्यावर हात उगारला तर हात तोडावा, पायानं मारलं तर पाय तोडावा, अशी अवयववार शिक्षा आहे. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला याच महाडात जाळली गेली.

त्याच्या नऊ महिने आधीचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. नंतर त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. डिसेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवलं ते यावर, की या पाण्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता.

आता आपला प्रश्न तिथे नेऊन ठेवा. म्हैस तळ्यात उतरते ती चारही पायांनी. पुढचे दोन आधी, खुरांना लागलेल्या सगळ्या राडीसकट. मग तोंड घालते. मुखादान. पाणी बाटत नाही. माणूस काठावर वाकतो, ओंजळ करतो, पाणी उचलतो. हस्तादान. पाणी बाटतं. संहितेनं ज्या कृतीवरून माणसाला पशूंपासून वेगळं काढलं, हातानं घेणं, नेमक्या त्याच कृतीला बंदी होती. याला लोक ‘माणसाला जनावरासारखं वागवलं’ असं म्हणतात. हे वर्णन अपुरं आहे. जनावरासारखं वागवलं असतं तर पाणी मिळालं असतं. त्या लोकांना हात आहे हे नाकारलेलं नव्हतं, उलट त्यांचा हात हात आहे हे पक्कं माहीत होतं, कारण स्पर्श हातालाच चिकटवलेला होता. आणि शुद्धी कशानं केली? गाईच्या शेणा-मुतानं. चतुष्पादाच्या मागच्या बाजूनं आलेल्या वस्तूनं द्विपादाच्या हाताचा डाग धुतला. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानं १९३७ मध्ये मान्य केला, दहा वर्षांनी.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की ‘हात’ हा शब्द वापरताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. अवयवाची जागा आणि वंश ही एक, जातीचं नेहमीचं काम ही दुसरी, आणि आपण त्यावर चढवलेला मान किंवा अपमान ही तिसरी. पहिलीत बैल आणि मी सारखे. दुसरीत वेगळे. तिसरी बैलाला माहीतच नाही.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न इथे घेतो, बाकीचे वेळेअभावी राहिले.

एका ताईंनी विचारलं, रांगणाऱ्या मुलाचं काय? ते चार पायांवर चालतं, तर त्याला हात नाहीत का? ताई, तुम्हीच बघा, रांगता रांगता ते थांबतं, बसतं, आणि पहिली दिसेल ती वस्तू उचलून तोंडात घालतं. हातानं घेऊन तोंडात. शिवाय ते तळहात आणि ढोपरं टेकतं, खरी ढोपरं. बैल टेकतो ती मनगटं. आपण नाव ठरवतो ते जातीवरून, असं मघाशी म्हटलं, म्हणून रांगण्याच्या त्या काही महिन्यांसाठी आपण बाळाच्या हातांना पाय म्हणत नाही.

पोलादपूरहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, सर, मग सापाचं काय? सापाला काहीच नाही, ना हात ना पाय. पण अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखं एकेक टोक असतं, ते मागच्या पायांचं उरलेलं. पुढच्यांचं काहीच उरलेलं नाही. तेव्हा सापाच्या बाबतीत पुढचे ते हात होते की पाय, हा वाद घालायला खूणसुद्धा शिल्लक नाही.